कल्ल्याचा रंग

रविवार, १२ फेब्रुवारी २०४०. दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी आवळेबंदरच्या नव्या बर्फ कारखान्यात भिवा टिकम याने बर्फाची लादी उचलली आणि लगेच फेकून दिली. लादी फुटून तुकडे दारापर्यंत गेले.

"भाजलंय! बरफ भाजता!" तो ओरडला.

शेजारचे दोघे हसले. कारखान्याचे उद्घाटन त्याच दिवशी झाले होते आणि भिवाने दुपारी जेवणानंतर काहीतरी घेतले असणार, असे त्यांना वाटले. हसणाऱ्यांपैकी एकाने माठातले पाणी तोंडाला लावले आणि पेला खाली टाकला. त्याचीही जीभ पोळली होती. माठातले पाणी गार होते.

सहा वाजेपर्यंत ग्रामीण रुग्णालयात अकरा जण आले. साडेआठपर्यंत एकतीस. सर्वांच्या ओठांना मुंग्या, उलट्या, पायांत गोळे, आणि गार वस्तूचा स्पर्श विस्तवासारखा. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बाबल तांडेल यांची नाडी मिनिटाला अडतीसवर उतरली होती. त्यांना जिल्ह्याच्या गावी अतिदक्षता विभागात हलवले. सर्व एकतीस जणांनी दुपारी साडेबाराला उद्घाटनाच्या जेवणात एकच मासा खाल्ला होता. थोरल्या खडपेवरचा गोबरा.

ते गोबरे निवडले होते द्वारका टिकम यांनी. वय एकसष्ट. आवळेबंदरच्या लिलावात चाळीस वर्षे. त्यांच्या टोपलीतला मासा नासका निघाला, असे बंदरावर कोणी कधी म्हटले नव्हते. भिवा त्यांचा धाकटा दीर.

माशातले हे विष कोणाला लागू नये म्हणून तीन महिने बंदरावर एक चाचणी चालू होती, आणि ती चाचणी शोधणारी संशोधक केतकी टिकम ही त्यांची मुलगी.

*

थोरली खडप म्हणजे किनाऱ्यापासून साठ सागरी मैलांवरचे पाण्याखालचे प्रवाळांचे पठार. २०३१ ते २०३७ या काळात तिथले पाणी तीनदा, प्रत्येक वेळी कित्येक आठवडे, नेहमीपेक्षा दोन अंशांनी तापले. प्रवाळ पांढरे पडले, मग मेले. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढले. त्या शेवाळाला चिकटून राहणारी एक सूक्ष्म वनस्पती आहे, गॅम्बिअरडिस्कस. एकपेशीय, केसाच्या जाडीएवढी. तिला जिवंत प्रवाळावर जागा मिळत नाही. मेलेल्यावर भरपूर मिळते.

ती जे द्रव्य बनवते त्यापासून माशांच्या अंगात सिग्वाटॉक्सिन हे विष तयार होते. शेवाळ खाणाऱ्या छोट्या माशात ते थोडेसे असते. असे शेकडो मासे खाणाऱ्या मोठ्या माशात ते साठत जाते आणि डोक्यात व काळजात सर्वांत जास्त साठते. माशाला त्याचे काही होत नाही. तो पोहतो, वाढतो, जाळ्यात तडफडतो. या विषाला वास नाही, चव नाही, रंग नाही. ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, बर्फात ठेवून जात नाही. एक किलो मांसात एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग असला तरी माणूस आजारी पडू शकतो. ताजेपणाशी त्याचा काहीही संबंध नाही. आत्ता पकडलेला, डोळे चमकणारा मासाही विषारी असू शकतो.

आपल्या नसांच्या पेशींवर सोडियमच्या कणांसाठी दारे असतात. ती क्षणभर उघडतात, मिटतात, आणि त्यातूनच निरोप पुढे जातो. हे विष दारात जाऊन अडकते आणि दार मिटू देत नाही. नसा विनाकारण निरोप पाठवत राहतात. गार लागल्याचा निरोप मेंदूला भाजल्यासारखा पोचतो.

केतकीने हीच दारे कागदावर बसवली होती. यीस्टमध्ये वाढवलेली ही प्रथिने एका कृत्रिम पापुद्र्यात रोवलेली, पापुद्र्याखाली रंगद्रव्य. कल्ल्याजवळच्या रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा आणि चार मिनिटे थांबायचे. रक्ताचा तांबडा रंग वरच्या गाळणीतच अडतो. विष असेल तर दारे उघडी राहतात, सोडियम आत जातो आणि पांढरी पट्टी लाल होते. विष नसेल तर पांढरीच राहते. तीन महिन्यांत ११४० मासे तपासले गेले. ६२ पट्ट्या लाल झाल्या. प्रयोगशाळेच्या मोठ्या यंत्राने बासष्टही मासे विषारी ठरवले. वीस फेब्रुवारीला पट्टीच्या मंजुरीची बैठक होती. पट्टी मंजूर झाली तर थोरल्या खडपेची मासेमारी चालू राहणार होती. नाही तर ती कायमची बंद करावी, असा प्रस्ताव तयार होता. आवळेबंदरच्या एकशे चाळीस होड्यांपैकी नव्वद त्या खडपेवर जगत होत्या.

*

द्वारकाबाईंनी पट्टीला पहिल्या दिवशीच नाव ठेवले होते: कागदी नाक.

"माका देवान नाक दिला नाय म्हणान माझ्या चेडवान कागदाचा केल्यान," असे त्या लिलावाच्या ओट्यावर सर्वांना सांगत. बायका हसत. केतकीही हसे. तीन महिने पट्टीला त्यांनी हात लावला नव्हता. तपासणी एका बंद केबिनमध्ये मृणाल नावाची तंत्रज्ञ करी. विषारी मासे मागच्या दाराने निळ्या पिंपात जात आणि पिंप प्रयोगशाळेच्या गाडीत. ओट्यावरच्या बायकांना पट्टी लाल झालेली कधी दिसलीच नव्हती.

शनिवारी, अकरा तारखेला, मृणाल बहिणीच्या साखरपुड्याला गेली. केतकी दोन तासांच्या अंतरावर प्रयोगशाळेत अडकली होती. संध्याकाळी सहा वाजता तिने आईला फोन केला. त्या बोलण्याचा जबाब नंतर चौकशी समितीपुढे दोघींनी सारखाच दिला.

"आये, उद्याच्या जेवणाचे गोबरे खडपेवरचे आसत ना?"

"मग काय गटारातले घालू पाव्हण्यांका?"

"केबिनीत पाकीट आसा. एकेक थेंब घाल, चार मिनिटां थांब. रंग बघून ठरव."

"चाळीस वर्षां मी रंगच बघतंय गो."

"माझ्यासाठी कर."

"बरां, तुझ्यासाठी करतंय. पण माझा नाक त्याच्यापेक्षा बरा, ता लक्षात ठेव."

फोन एक मिनिट दहा सेकंदांचा होता. रंग बघून कोणते ठरवायचे हे त्यात कोणी म्हणाले नाही. पाकिटावर छापले होते: 'रंगबदल आढळल्यास सूचित करावे.'

रविवारी सकाळी द्वारकाबाईंनी आठ गोबरे तपासले. तीन पट्ट्या लाल झाल्या, पाच पांढऱ्या राहिल्या. त्यांनी प्रत्येक पट्टी त्या त्या माशाच्या कल्ल्यात खोचून ठेवली, घोटाळा नको म्हणून. मग लाल पट्टीचे तीन जेवणासाठी दिले. पांढऱ्या पट्टीचे पाच बाजूला काढले आणि खतवाल्याला देऊन टाकले.

*

केतकी रात्रभर रुग्णालयातच राहिली. सोमवारी पावणेसातला ती बंदरावर आली तेव्हा तीन वृत्तवाहिन्यांच्या गाड्या उभ्या होत्या. एकीच्या पडद्यावर 'विषपट्टी नापास' असे आधीच झळकत होते. थोरल्या खडपेचा मासा विकायला पुढील आदेशापर्यंत बंदी आली होती.

जेवणाचे खरकटे कारखान्यामागच्या खड्ड्यात टाकले होते. तिने हातमोजे घातले आणि शोधले. न शिजवता टाकलेली दोन डोकी सापडली. तिसरे चेअरमनांच्या पानात गेले होते, मानाचे म्हणून. दोन्ही डोक्यांच्या कल्ल्यांत पट्ट्या तशाच होत्या. गडद लाल.

तिची पट्टी चुकली नव्हती. एका पिशवीत दोन्ही डोकी घेऊन ती घरी गेली.

द्वारकाबाई ओटीवर बसल्या होत्या. त्यांनीही तो मासा खाल्ला होता, थोडा. ओठांना मुंग्या होत्या, पण रुग्णालयात जायला त्या तयार नव्हत्या.

"आये, ह्यो पट्टये लाल आसत."

"मग? लालच निवडलंय ना मी."

"लाल कित्याक?"

द्वारकाबाईंनी मुलीकडे असे पाहिले, जणू तिने विचारले होते की पाणी ओले का असते.

"लाल म्हणजे ताजो. कल्लो लाल तर मासो आजचो, कल्लो फिको तर मासो कालचो. पाच वर्षांची असताना तुका मीच शिकवलंय."

केतकीने पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. चार मिनिटांनी द्वारकाबाईंना कळले: पट्टीचा लाल विषाचा होता. त्यांनी पिशवीतले डोके बाहेर काढले, कल्ला उघडला, पट्टी आणि कल्ला शेजारी शेजारी धरले. दोन्हींचा रंग जवळपास एक होता.

"एकतीस माणसां," त्या म्हणाल्या. "मी विष घातलंय."

"तुका कोणी सांगितलाच नाय."

"पण घातलंय मी."

*

गुरुवारी, सोळा तारखेला, सकाळी अकराला सोसायटीच्या सभागृहात चौकशी होती. तीन जणांची समिती, अध्यक्ष मत्स्यव्यवसाय खात्यातून निवृत्त झालेल्या जयश्री वर्तक. बुधवारी संध्याकाळपर्यंत केतकीने एक निवेदन तयार केले होते. त्यात म्हटले होते की पट्ट्यांची ती तुकडी जुनी होती, दमट हवेत खराब झाली असावी, निष्कर्ष भरवशाचे नव्हते. दोन डोकी तिने प्रयोगशाळेच्या शीतपेटीत ठेवली होती आणि त्यांचा उल्लेख निवेदनात नव्हता. निवेदन स्वीकारले गेले असते तर द्वारकाबाईंवर हलगर्जीचा गुन्हा झाला नसता. पट्टी मात्र संपली असती, आणि पट्टीबरोबर नव्वद होड्या.

सभागृहात दोनशे माणसे होती. भिवा रुग्णालयातून सुटून आला होता. हातात लोकरीचे मोजे होते, कारण खुर्चीचा लोखंडी दांडाही त्याला चटकत होता.

"वयनी," तो जाता जाता म्हणाला, "गोबरो बरो झालेलो. आमटीत कोकम मात्र कमी होता."

"गप बस मेल्या," द्वारकाबाई म्हणाल्या. चार दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

केतकी उभी राहिली. "सदर तुकडीतील पट्ट्या," तिने वाचायला सुरुवात केली, "साठवणुकीतील त्रुटींमुळे..."

"खोटा बोलता ती," मागून आवाज आला.

वर्तकांनी वर पाहिले. "आपण कोण?"

"तिची आवस. मासे मी तपासलंय. पट्टी बरोबर होती. चुकलंय ती मी."

"आये, बस गो."

"तू बस. माका वाचवूक नव्वद घरां बुडवतलंस? ह्या कोणी शिकवला तुका? मी नाय शिकवला."

सभागृहात गलका झाला. वर्तकांनी तो थांबू दिला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, कसे चुकलात ते सांगा."

द्वारकाबाईंनी सांगायच्या आधी दाखवले. येताना त्यांनी टोपली आणली होती. त्यातून दोन सरंगे काढले, आजचा आणि परवाचा, आणि टेबलावर कागदांशेजारी ठेवले. दोन्हींचे कल्ले उघडले. एक लाल, एक राखाडी.

"मॅडम, यातला कुठला मासा घरी न्याल?" शहरी माणसाशी बोलताना त्या शाळेतली मराठी वापरत.

वर्तकांनी लालवर बोट ठेवले.

"आता हे बघा." त्यांनी केतकीच्या पिशवीतून नमुन्याची एक लाल आणि एक पांढरी पट्टी घेतली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बायकांपुढे गेल्या. लिलावाच्या ओट्यावरच्या बारा जणी. "गो, रखमा, यातलो खयचो मासो घेतलंस?"

रखमा पराडकरने लाल पट्टीकडे बोट केले. मग पुढची. मग तिच्यापुढची. बारापैकी अकरा जणींनी लाल निवडली. बारावी, शांता मालंडकर, म्हणाली, "पट्टी बघून मासो घेऊक मी काय येडी?" हशा झाला, आणि समितीतले प्रयोगशाळेचे प्रतिनिधीही हसले.

केतकी हसली नाही. ती त्या अकरा बोटांकडे पाहत होती. वर्षभर तिने तापमान, क्षार, रक्ताची आम्लता, सर्व तपासले होते. पट्टी कोणाच्या हातात जाणार आहे, हे तपासले नव्हते. लाल म्हणजे धोका हे तिला रस्त्यावरच्या दिव्याने शिकवले होते, आणि त्या दिव्याआधी जे आईने शिकवले होते ते ती विसरली होती.

"केतकीताई," वर्तक म्हणाल्या, "तुमच्या निवेदनाचे काय?"

"मागे घेते. दोन डोकी माझ्याकडे आहेत, पट्ट्यांसकट. पट्टीने तिन्ही वेळा बरोबर सांगितले. पट्टीची भाषा चुकली. ती मी लिहिली होती."

*

त्या दिवशीच तिला दुसरी गोष्ट सुचली, आणि हीच पुढे मोठी ठरली.

जुन्या पट्टीत पांढरा म्हणजे निर्धोक. पण खराब झालेली, भिजलेली, मुदत संपलेली पट्टीही पांढरीच राहते. म्हणजे मेलेली पट्टी विषारी माशालाही पास करते. खारट हवेत हा धोका खरा होता. केतकीने त्यासाठी पट्टीवर वेगळी खूण ठेवली होती, पण ती बारीक होती आणि चष्मा न लावता दिसत नव्हती.

द्वारकाबाईंच्या वाचनात हा दोष नव्हता. लाल म्हणजे चांगला, फिका म्हणजे टाकून द्या. मेलेली पट्टी फिकी राहील आणि मासा टाकला जाईल. एक चांगला मासा वाया जाईल, पण माणूस आजारी पडणार नाही.

रसायन उलटे करायला चार महिने लागले. नव्या पट्टीत दारांजवळ लाल रंगाच्या कणांना जोडलेले विषासारखेच पण निरुपद्रवी रेणू सोडले जातात. माशात विष नसेल तर हे रेणू दारांत जाऊन बसतात आणि लाल रेघ उमटते. माशात विष असेल तर जागा आधीच विषाने अडवलेली असते, लाल कण वाहून जातात आणि रेघ उमटत नाही. पट्टी मेली असेल तरी रेघ उमटत नाही. रेघेचा रंग द्वारकाबाईंनी ठरवला. पहिले सात नमुने त्यांनी परत पाठवले.

"ह्या कल्ल्याचा लाल न्हय, ह्या कुंकवाचा," त्या म्हणाल्या. आठवा रंग त्यांना पटला. तोच ठरला.

एकतीसपैकी कोणीही तक्रार केली नाही. चेअरमन बाबल तांडेल सहा दिवसांनी घरी आले आणि पोलिसांना म्हणाले, "मानाचा डोका मीच मागून घेतलंय, तिका कित्याक धरतास?" समितीने अहवालात दोन ओळी लिहिल्या. चाचणी अचूक होती. सूचना सदोष होती. वीस फेब्रुवारीची बैठक पुढे ढकलली गेली आणि ११ जुलैला झाली. नवी पट्टी एकमताने मंजूर झाली. त्याच दुपारी थोरल्या खडपेवरची बंदी उठली.

बुधवारी, १ ऑगस्टला, हंगाम उघडला. पहिल्या दिवशी ओट्यावर २१२ मासे तपासले गेले. बंद केबिन पाडली होती. बारा जणींनी उघड्यावर, गिऱ्हाइकांसमोर तपासले. नऊ पट्ट्या फिक्या राहिल्या. नऊही मासे प्रयोगशाळेत गेले. आठ विषारी निघाले, एक पट्टी मेलेली निघाली. त्या दिवसापासून दोन महिन्यांत या बंदरावरून गेलेला मासा खाऊन एकही माणूस आजारी पडला नाही. लक्षद्वीपमधल्या दोन आणि तमिळनाडूतल्या एका अशा तीन बंदरांनी पट्ट्या मागितल्या. पट्टी वाचायला शिकवायला कोणाला पाठवायचे, यावर प्रयोगशाळेत चर्चा करावी लागली नाही: ओट्यावरच्या बायकांनाच. शांता मालंडकर लक्षद्वीपच्या कवरत्तीला विमानाने जाऊन आली. "बायकां थंयची शाणी आसत," ती परत आल्यावर म्हणाली, "पण मासो कापूक येणा नाय."

*

बुधवार, ३ ऑक्टोबर. नवरात्राआधीचा शेवटचा बुधवार, त्यामुळे मागणी मोठी होती. कोल्हापूर आणि बेळगावच्या चौदा गाड्या बंदरावर उभ्या होत्या. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी रखमा पराडकरने एका तांबोशा माशाची पट्टी द्वारकाबाईंकडे आणली. रेघ उमटली नव्हती.

"पट्टी मेली असतली," रखमा म्हणाली. "मासो जवळचो आसा."

मासा थोरल्या खडपेचा नव्हता. किनाऱ्यापासून तीन मैलांवर, जिथे गावातले लोक गळ टाकून घरापुरते मासे पकडतात आणि उरलेले ओट्यावर आणतात, त्या खडकांवरचा होता. तिथे तोवर विष कधी सापडले नव्हते.

द्वारकाबाईंनी दुसरी पट्टी लावली. चार मिनिटे थांबल्या. रेघ नाही. नवे पाकीट फोडून तिसरी लावली. रेघ नाही. त्याच पाकिटातली चौथी पट्टी त्यांनी खडपेवरच्या एका गोबऱ्याला लावून पाहिली. तिच्यावर लाल रेघ उमटली; म्हणजे पाकीट चांगले होते.

त्यांनी घंटा वाजवून लिलाव थांबवला. जवळच्या खडकांवरचा सर्व मासा बाजूला काढायला सांगितले. बाबल तांडेल छत्री टेकत आले.

"द्वारके, चवदा गाडये उभे आसत."

"उभे रवांदेत."

"किती वेळ?"

"केतकी सांगीसर."

तांडेल गाडीवाल्यांकडे गेले. कोणीही हुज्जत घातली नाही. एका ड्रायव्हरने इंजिन बंद केले, मग बाकीच्यांनीही केले.

तांबोशाचा नमुना सात वाजून पन्नास मिनिटांनी निघाला आणि दहाला प्रयोगशाळेत पोचला. मोठ्या यंत्राच्या तपासणीला साठ तास लागतात. केतकीने त्याच दुपारी पाणबुड्यांची एक तुकडी तीन मैलांवरच्या खडकांवर उतरवली. त्यांनी शेवाळाचे चाळीस नमुने आणले. पहिल्या सहांत गॅम्बिअरडिस्कस सापडली नाही. उरलेल्या चौतीसांची तपासणी चालू होती.

शुक्रवारी, ५ ऑक्टोबरला, दुपारी चार वाजेपर्यंत तांबोशाचा अहवाल आलेला नव्हता. बंदी नव्हती, तरी जवळच्या खडकांवर दोन दिवस एकाही घराने गळ टाकला नव्हता.